सव्वादोन तासांचा हिशेब

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज म्हणजे श्रमिकांच्या मुलांना परवडणारे दोन वर्षांचे महाविद्यालय. तेथील बहुसंख्य अध्यापक अर्धवेळ असतात. इतिहास वा अर्थशास्त्र शिकविणाऱ्यास मोबदला नेमून दिलेल्या वर्गांपुरता मिळतो. निबंधांचे गठ्ठे तपासणे बव्हंशी धर्मादाय!

२०१४ साली तेथील करखात्याने आरोग्यविम्याच्या नियमात वर्गातील एक तास म्हणजे सव्वादोन तासांचे काम, असे धरण्यास मान्यता दिली. न्याय झाला असे वाटावे. परंतु आठवड्यास ३० तास भरले की विम्याचा भार मोठ्या संस्थेवर येतो. तेरा तासांचे सव्वाएकोणतीस होतात, चौदांचे साडेएकतीस; मग चौदावा तास देणार कोण? अनेक कॉलेजांनी तासच छाटले. उरलेली भाकरी मिळविण्यासाठी अध्यापक दुसऱ्या गावचे कॉलेज गाठतो आणि दोन्हीकडे अर्धवेळच राहतो.

महाराष्ट्रातील ‘तासिका तत्त्वा’ला तर सव्वादोनाचा हिशेबही ठाऊक नाही. वर्ग सुटला की मानधन थांबते. उन्हाळी सुट्टीत तासिका नाहीत, म्हणून मानधनही नाही. शासनाने रिक्त पदे भरावीतच. तोवर निदान तयारीचा आणि तपासणीचा वेळ मानधनात धरावा. मात्र तो धरताना तासिकांना कात्री लागणार नाही, हेही त्याच आदेशात लिहावे.