सूर कळायला आधी क्रम कळावा

तुकोबांची पालखी बारामती-इंदापुरात मुक्कामी आली की हरिपाठात पुढं काय येणार, हे वारकऱ्याला सांगावं लागत नाही. अँग्लिकन चर्चच्या सायंउपासनेला बसणाऱ्या मराठी रसिकाला मात्र नेमकं तेच कुणी सांगत नाही.

वास्तविक क्रम सोपा आहे. उपासना चालवणारा एक ओळ गातो, गायकवृंद उत्तर देतो. मग समोरासमोरचे दोन गट आळीपाळीनं स्तोत्रं गातात. जुन्या करारातल्या वाचनानंतर मरियेचं गीत, नव्या करारातल्या वाचनानंतर वृद्ध शिमोनाचं. दोन्ही लूकच्या शुभवर्तमानातली. हा साचा १५४९च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकातला.

नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भक्ती अभंगात आणली, तेव्हा ती मराठी कानाला लगेच रुचली. मग गायकवृंदाच्या कार्यक्रमपत्रिकेत निदान हा क्रम मराठीत छापायला काय हरकत आहे?