बास ऐकू येतोय का?

'अभ्यास करताना लावायचं जॅझ' अशा नावाच्या प्लेलिस्टांशी माझं भांडण आहे. त्या ऐकायच्या फोनवर. डबल बासची सगळ्यात खालची तार साधारण ४१ हर्ट्झला लावलेली असते. फोनच्या इवल्याशा स्पीकरला तो सूर पेलतच नाही. म्हणजे पायाच गाळून आपण इमारत बघतो. वर म्हणतो, बासवाला काय, साथीलाच तर असतो!

या समजाला रॉन कार्टरचा 'डिअर माइल्स' (२००७) हे सणसणीत उत्तर आहे. कार्टर १९६३ ते १९६८ माइल्स डेव्हिसच्या क्विंटेटमध्ये होता. सत्तरीच्या आसपास त्याने माइल्सच्या नावाने हा अल्बम केला आणि त्यात ट्रम्पेटच ठेवला नाही. पियानोवर स्टीफन स्कॉट, ड्रम्सवर पेटन क्रॉसली, इतर तालवाद्यांवर रॉजर स्क्विटेरो आणि म्होरक्या बास.

नवरदेवाशिवाय वरात, असं कुणी म्हणेल. मला ते साफ नामंजूर आहे. 'माय फनी व्हॅलेंटाइन' आणि 'स्टेला बाय स्टारलाइट' या दोन्ही रचना १९६४च्या न्यूयॉर्कमधल्या मैफलीत माइल्सने वाजवल्या, तेव्हा खाली कार्टरच होता. वरचे सूर तेच राहिले तरी खालचा एक सूर बदलला की सगळ्याचा अर्थ बदलतो. तो अर्थ ठरवणारा माणूस आता स्वतःची बाजू मांडतोय. ती ऐकायला ट्रम्पेट कशाला हवा?

मागे कुणी उभं राहायचं, हा प्रश्न नुसता संगीताचा नाही. कार्टर आधी चेलो वाजवायचा. कार्यक्रम गोऱ्या मुलांना मिळतात, आपल्याला नाही, हे दिसल्यावर तो शाळेत असतानाच बासकडे वळला. २०१५मध्ये गिनेसने त्याच्या नावावर २,२२१ ध्वनिमुद्रणं मोजली. त्यातल्या बहुतेकांवर मोठ्या अक्षरांत नाव दुसऱ्याचंच.

हिप-हॉप ऐकणाऱ्यांना हे सांगायला नको. 'ए ट्राइब कॉल्ड क्वेस्ट'ने १९९१मध्ये अल्बमचं नावच 'द लो एंड थिअरी' ठेवलं आणि त्यातल्या एका गाण्यात बास वाजवायला कार्टरलाच बोलावलं. त्यांना कळलं होतं, वजन कुठे असतं ते.

तेव्हा बरे हेडफोन लावा, पुस्तक मिटा आणि 'सेव्हन स्टेप्स टू हेवन' फक्त बासचा माग धरून ऐका. त्यानंतरही तो साथीदारच वाटला, तर खुशाल माझ्याशी भांडा.