पाण्याकाठचे शेजारी, ग्रामसभेबाहेरचे

शुक्रवारची संध्याकाळ झाली की मुंबई-गोवा महामार्गावर मुंबईकडून येणाऱ्या मोटारींची रांग लागते. नागोठणे मागे पडते, खांब येते आणि पुढे कोलाडहून काही मोटारी भिऱ्याच्या रस्त्याला वळतात. कुंडलिकेच्या काठाने, डोलवहाल बंधाऱ्यामागे तुंबलेल्या तळ्यासारख्या पाण्याच्या आसपास आणि सुतारवाडीच्या तलावाच्या परिसरात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शेतघरे, कॉटेजेस, तंबूंची शिबिरे आणि लहानमोठी रिसॉर्ट्‌स उभी राहिली. पहाटे पाणी सुटले की साज्याहून राफ्टिंगच्या तराफ्यांची गर्दी सुरू होते. रविवारी सायंकाळी सारे आवरते आणि मोटारी परत फिरतात. मागे पाणी उरते, आणि त्या दोन दिवसांत त्यात जे मिसळले तेही.

रोहा तालुक्यातील या पट्ट्याची चर्चा होते ती बहुधा दोनच अंगांनी. एक तर पर्यटनामुळे मिळालेल्या रोजगाराचे कौतुक, नाही तर प्लॅस्टिकच्या बाटल्यांबद्दलचा संताप. दोन्ही खरे आहे. पण मूळ दुखणे निराळे आहे. काठावर घर असलेला आणि काठावर आयुष्य काढणारा असे दोन शेजारी येथे एकाच पाण्यावर राहतात, आणि त्या पाण्याविषयी एकमेकांशी बोलण्याची एकही जागा त्यांच्यापाशी नाही.

मुळात हे पाणी कुठले, हेच काठावरच्या अनेक नव्या रहिवाशांना ठाऊक नसते. कोकणातील बहुतेक लहान नद्या उन्हाळ्यात खडकांपुरत्या उरतात. कुंडलिका मात्र मे महिन्यातही वाहते, कारण तिचे उन्हाळी पाणी तिचे स्वतःचे नाही. सह्याद्रीच्या पलीकडे मुळशीच्या जलाशयात अडवलेले पाणी घाटमाथ्यावरून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजगृहात आणले जाते आणि वीज तयार झाल्यावर ते कुंडलिकेत सोडले जाते. टाटांचे हे वीजगृह १९२७ सालचे. त्यासाठी मुळशी पेट्यातील गावे पाण्याखाली जाणार म्हणून १६ एप्रिल १९२१ रोजी तेथे सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. सत्याग्रह अयशस्वी ठरला, गावे बुडाली, मुंबईला वीज मिळाली. त्या बुडालेल्या गावांवरून आलेले पाणीच आज मुंबईकरांच्या शेतघरासमोरून वाहते आहे. जाहिरातींतील ‘निसर्गाच्या कुशीतली बारमाही नदी’ ही शंभर वर्षांपूर्वीच्या एका अभियांत्रिकी निर्णयाची देणगी आहे.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की नदीत पाणी किती आणि केव्हा, हे विजेच्या मागणीवर ठरते. राफ्टिंग त्या वेळापत्रकाला बांधलेले आहे आणि शेतीही. डोलवहाल येथे हेच पाणी अडवून कालव्यांतून रोहा व माणगाव तालुक्यांतील शेताला दिले जाते. खांब, कोलाड परिसरातील उन्हाळी भाताची भिस्त याच कालव्यावर. कालव्याची दुरुस्ती रखडली आणि पाणी उशिरा सुटले, तर रोपे वाफ्यातच पिवळी पडतात. टाटांच्या धरणांचे पाणी पश्चिमेकडे न वळवता भीमा खोऱ्यात द्यावे, ही मागणी पुणे-सोलापूरकडून वारंवार होते आणि राज्य सरकारने तिच्या अभ्यासासाठी समितीही नेमली होती. उद्या ते पाणी कमी झाले तर भातशेती, राफ्टिंग, रोह्याचा पाणीपुरवठा आणि कॉटेजसमोरचे विलोभनीय दृश्य यांच्यावर एकदमच गदा येईल. इतका मोठा हितसंबंध समान असताना दोन्ही शेजारी एकत्र का येत नाहीत?

उत्तर कायद्याच्या रचनेत आहे. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो, अन्यथा परवानगी घ्यावी लागते. कुळकायद्याचे कलम ६३ तसे सांगते. त्यामुळे काठावरच्या शेतघरांचे बरेच मालक कागदोपत्री शेतकरी असतात. ते ग्रामपंचायतीला घरपट्टी भरतात. पण ग्रामसभेचे सदस्यत्व गावच्या मतदार यादीवरून ठरते आणि त्यांचे नाव असते दादर, ठाणे किंवा पनवेलच्या यादीत. सातबाऱ्यावर शेतकरी, मतदार यादीत मुंबईकर! २००५ च्या कायद्याने शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना कालव्याच्या कारभारात स्थान दिले. परंतु जमीन एकदा बिनशेती झाली की मालकाला कालव्याशी कर्तव्य राहत नाही. दुसऱ्या बाजूला, ग्रामसभेत बसणाऱ्या गावकऱ्यांच्या हातीही फारसे काही नाही. गावठाणाबाहेरील बिनशेती आणि बांधकामाची परवानगी महसूल व नगररचना खात्यांच्या टेबलांवरून येते. थोडक्यात, एकाला कर आहे पण आवाज नाही. दुसऱ्याला आवाज आहे पण अधिकार नाही.

या फटीतून जे गळते ते प्रथम जमिनीखाली जाते. आठवड्याचे पाच दिवस रिकाम्या असलेल्या घरात शनिवारी वीस-पंचवीस माणसे उतरतात. सेप्टिक टाकी ही जिवाणूंच्या सातत्यावर चालणारी गोष्ट. एकदम आलेला भार तिला पेलत नाही आणि अर्धेकच्चे सांडपाणी शोषखड्ड्यात जाते. कोकणात पावसाळ्यात भूजल जवळजवळ जमिनीलगत येते, तेव्हा शोषखड्डा काही शोषत नाही, उलट भरून वाहतो. काठावरच्या वाडीची विहीर त्याच उतारावर, खालच्या अंगाला असते. हे प्रदूषण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्यावर मोर्चे निघत नाहीत. रोह्याजवळ धाटावच्या रासायनिक कारखान्यांमुळे कुंडलिकेच्या खालच्या प्रवाहाविषयी वर्षानुवर्षे तक्रारी होत आल्या आहेत. वरचा प्रवाह तुलनेने स्वच्छ राहिला, तो तेथे कारखाने नव्हते म्हणून. कुणी राखला म्हणून नव्हे. हा फरक लक्षात घ्यायला हवा.

दुसरी गोष्ट वाटेची. पूर्वी नदीवर जायला पायवाटा होत्या. गुरे पाण्यावर नेणे, कपडे धुणे, गणपती विसर्जन, कातकऱ्यांची मासेमारी या सगळ्यांचा रस्ता कुणाच्या तरी शेतातून जाई आणि त्याबद्दल कुणी कुणाला विचारत नसे. जमीन विकली गेली, तारेचे कुंपण आले, मग दगडी भिंत आली आणि वाट संपली. त्या वाटेची नोंद गावनकाशावर नसेल तर दाद मागणेही अवघड. काठ राखण्याची सवय ही काठावर जाण्यातून येते. ज्या पाण्यापर्यंत पोचताच येत नाही, त्याची काळजी गावाने वाहावी अशी अपेक्षा करणे हा थोडा उद्धटपणाच आहे. भिंतींचा आणखी एक परिणाम पुराच्या वेळी दिसतो. नदीला पसरायची जागा भराव टाकून अडवली, की ते पाणी समोरच्या काठावर चढते, आणि समोर बहुधा कुणाचे तरी भातशेत असते.

बाहेरच्या जगात याचे काय झाले? कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात तळ्याकाठच्या कॉटेजेसची परंपरा शतकाहून जुनी आहे. मस्कोका भागातील कॉटेजवाल्यांची संघटना १८९४ सालची. तेथील अनेक तळ्यांवर मालक स्वतः ठरलेल्या दिवशी होडीतून जाऊन पाण्याचे नमुने घेतात, काळी-पांढरी तबकडी पाण्यात सोडून ती किती खोलीपर्यंत दिसते ते नोंदवतात. नमुन्यांतील फॉस्फरसची तपासणी प्रांताच्या यंत्रणेकडून होते. काही नगरपालिका सेप्टिक टाक्यांची ठरावीक काळाने सक्तीची तपासणी करतात. यामागे निसर्गप्रेम आहेच, पण तळे हिरवे पडले तर घराची किंमत उतरते हा रोकडा हिशेबही आहे. महत्त्वाचे म्हणजे, तेथे राहत नसलेल्या मालकालाही स्थानिक निवडणुकीत मतदान करता येते.

तोच उपाय येथे उचलून लावावा, असे म्हणणे मात्र धोक्याचे ठरेल. काही शे मतदारांच्या ग्रामपंचायतीत बाहेरच्या मालकांना मत दिले तर दोन निवडणुकांत गावाचा कारभार गावाच्या हातून जाईल. गावाला बाजूला सारून नियोजन केले की काय होते, हे सह्याद्रीच्या पलीकडे वरसगावच्या जलाशयाकाठी लवासाने दाखवले आहे. २००८ साली त्या प्रकल्पाला स्वतःचे विशेष नियोजन प्राधिकरण मिळाले, २०१० च्या अखेरीस केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने बांधकाम थांबवायला सांगितले आणि २०१८ पासून प्रकरण दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेले. उलट, शेजारच्या पेण तालुक्याचे उदाहरण या भागाला अधिक जवळचे. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी महामुंबई सेझविषयी सरकारला जनमत घ्यावे लागले होते. धरणाच्या पाण्यावर आपला हक्क आहे, या एका मुद्द्यावर ती गावे उभी राहिली. रायगडच्या शेतकऱ्याला पाण्याचे राजकारण कळत नाही, असे निदान त्यानंतर तरी कुणी म्हणू नये.

सरकारकडून मोठी अपेक्षा ठेवण्यासारखी स्थिती नाही. नदीकाठच्या उद्योगांवर बंधने घालणारे नदी नियमन क्षेत्राचे धोरण राज्याने २०१५ साली रद्द केले. माधव गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात पश्चिम घाटातील निर्णय ग्रामसभांपासून सुरू व्हावेत असे म्हटले. त्या अहवालाचे पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. पण एक साधन प्रत्येक ग्रामपंचायतीच्या दप्तरात आजही आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि गावाची जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. हरित लवादाने त्यासाठी जानेवारी २०२० ची मुदतही घातली होती. अनेक ठिकाणी ही समिती कागदावरच राहिली. काठावरच्या वाटा, विहिरी, टाक्या, मासे आणि भराव यांची नोंद या समितीने घ्यायची ठरवली, तर तिला कुणाची परवानगी लागणार नाही. विहिरीच्या पाण्याची तपासणी करण्यासाठी ग्रामपंचायतीला शासकीय प्रयोगशाळा उपलब्ध आहेत. कमतरता आहे ती दर महिन्याला नमुना नेऊन देणाऱ्या माणसाची आणि त्याच्या एसटीच्या भाड्याची. दोन्ही गोष्टी काठावरच्या मालकांना सहज परवडणाऱ्या आहेत.

ग्रामसभेत त्यांना मत देता येणार नाही, आणि देऊ नये. पण बोलावण्यास आणि ऐकून घेण्यास अडचण कोणती? प्रथेप्रमाणे ग्रामसभा भरतात त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी. चारही दिवस सुट्टीचे. त्या दिवशी काठावरची बहुतेक घरे उघडी असतात आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयापासून ती फार तर दोन-तीन किलोमीटरवर असतात.