घर देण्यापूर्वीची प्रश्नावली

बडोद्यात नव्याने राहावयास येणाऱ्या मराठी कुटुंबांविषयी आपल्या मंडळींत एक तक्रार आता ठरीव होऊन बसली आहे. ही माणसे पुण्या-मुंबईहून, नाशिक-नागपूरहून येतात, दोन-तीन वर्षे राहतात, सभेच्या कार्यक्रमांकडे फिरकत नाहीत आणि बदली झाली की निघून जातात. त्यांना या गावाशी काही देणेघेणे नाही, अशी ती तक्रार. तिच्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. परंतु गावात पाऊल टाकल्याबरोबर या माणसांच्या पदरी आपल्याकडून काय पडते, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. त्यांच्या दुराव्याचे पुष्कळसे कारण आपल्याच उंबरठ्यावर आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

येणारा मनुष्य काय समजून येतो? ‘गायकवाडांचे बडोदे’ एवढे त्याने ऐकलेले असते, आणि त्यामुळे येथे एक छोटे पुणे आपली वाट पाहत आहे, असा त्याचा गोड गैरसमज असतो. तो पहिल्या आठवड्यात मावळतो. हे शहर गुजराती आहे, आणि ते तसे आहे यात वाईट काहीच नाही. भाजीवाली गुजराती बोलते, दुकानांच्या पाट्या गुजरातीत असतात, आणि २०२३ च्या कायद्यान्वये मुलाला कोणत्याही शाळेत घातले तरी पहिली ते आठवी गुजराती शिकणे भाग आहे. यात घाबरण्याजोगे काय आहे? शिरोरेघ पुसून टाकली की गुजराती लिपी निम्मीअधिक आपलीच वाटते. मन लावले तर पंधरा दिवसांत पाट्या वाचता येतात. परंतु हे त्याला सांगणार कोण? लारीवरच्या सेवउसळीचे नाव आपले असले तरी चव आपली असेलच असे नाही, हे मात्र त्याचे त्याला कळते.

याहून महत्त्वाची गोष्ट पाण्याची. नदीपासून किती दूर राहावे, कोणत्या गल्लीत विश्वामित्रीचे पाणी आधी शिरते, तळमजला घ्यावा की नाही, हे कोणताही दलाल सांगत नाही. ऑगस्ट २०२४ च्या पुरात नव्या, देखण्या इमारतींच्या तळमजल्यांवर राहणाऱ्या किती कुटुंबांचा संसार भिजला, ते आपण पाहिले आहे. ज्यांच्या घरात तीन-तीन पिढ्यांच्या पुरांच्या आठवणी आहेत, त्या आपणांजवळ हे ज्ञान आहे. ते येणाऱ्याच्या हाती फुकट द्यावयाचे. आपण देतो काय? प्रश्नावली.

“आडनाव काय?” हा पहिला प्रश्न. आडनावावरून उलगडा झाला नाही, तर “मूळ गाव कोणते?” तेवढ्यानेही भागले नाही, तर आवाज खाली आणून, “म्हणजे आपल्यातलेच ना?” हा ‘आपल्यातले’ शब्द किती लवचीक आहे पाहा. व्यासपीठावर ‘आपल्यातले’ म्हणजे समस्त मराठी भाषक. वर्गणीच्या वेळी तर त्याहूनही विशाल. रिकाम्या खोल्या भाड्याने द्यावयाच्या झाल्या, की त्याच शब्दाचा घेर एका जातीएवढा, कधी पोटजातीएवढा होतो.

यावर ठरलेले उत्तर असे, की घर आमचे आहे आणि आमच्या घरात सामिष चालत नाही. ठीक आहे; तशी अट असेल तर ती उघड सांगावी, आणि पाळावयाची की नाही हे येणाऱ्याने ठरवावे. आडनाव ऐकून त्याच्या ताटात काय असेल याचे भविष्य वर्तविण्याची विद्या मात्र आम्हांस मान्य नाही. ज्यांच्या आडनावाला घर मिळते त्यांच्यात मासळी खाणारे किती आहेत, हे सर्वांस ठाऊक आहे. आणि हीच अट पुढे करून एखाद्या नव्या सोसायटीने मराठी कुटुंबाला दार बंद केले, म्हणजे तो अन्याय असल्याचे आपण किती तावातावाने बोलतो!

आपण स्वतः कोण आहोत, याचाही विसर पडलेला दिसतो. कोणाचे पूर्वज फौजेबरोबर आले, कोणाचे कारकुनीसाठी, कोणाचे शिक्षक म्हणून. चिं. वि. जोशी पुण्याचे, येथील महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली. फार काय, १८७५ साली कवळाण्याहून दत्तक आणलेला बारा वर्षांचा मुलगाही या शहरात उपराच होता. मराठीबरोबर गुजरातीचे धडे त्याने येथे गिरविले, आणि त्याच्याच कारकिर्दीत, १९३१ साली, राज्यकारभाराच्या परिभाषेचा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा बहुभाषी कोश निघाला. सयाजीरावांच्या तसबिरीला हार घालणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

आणि याच सयाजीरावांच्या राज्यात १९१७ साली काय घडले, तेही. राज्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. आंबेडकर करारानुसार नोकरीस बडोद्यात हजर झाले. राजा मराठी, दरबारी मराठी, आणि या मराठी माणसाला राहावयास खोली नाही. नाव लपवून पारशी सराईत काढलेले अकरा दिवस, मग काठ्या घेऊन आलेला जमाव, दोन मित्रांनी दिलेला नकार, आणि रात्रीच्या गाडीची वाट पाहत कमाटीबागेत काढलेले तास. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. सराईतून त्यांना हुसकावणारे पारशी होते, हे सांगून आपली सुटका होत नाही; सराईत जाण्याची पाळी त्यांच्यावर का आली, हा प्रश्न मराठी वाड्यांना विचारावा लागतो. कमाटीबागेत आज संकल्पभूमीचे स्मारक आहे. तेथून दांडियाबाजार असा काही दूर नाही.

आता कायदा आहे, काळ बदलला आहे, असे म्हटले जाईल. पुष्कळ बदलला आहे, हे खरेच. पण प्रश्नावली बदललेली नाही. ती अधिक गोड आवाजात विचारली जाते, इतकेच. ज्याला दारातून परत पाठविले, त्याने दिवाळीत आपल्या गाण्याच्या बैठकीला येऊन सतरंजीवर बसावे आणि सभेचे आजीव सभासद व्हावे, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची?

म्हणून आमची सूचना अशी. सभेच्या सूचनाफलकावर रिकाम्या घरांसाठी एक कोपरा राखून ठेवावा. घर देऊ इच्छिणाऱ्याने तेथे भाडे, अनामत, मजला, आहाराविषयी काही अट असल्यास ती, आणि २०२४ साली पाणी कितव्या पायरीपर्यंत चढले होते, एवढे लिहावे. फलकाच्या शेजारी मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीचा पत्ता आणि प्राथमिक गुजरातीचे वर्ग कोठे चालतात ते द्यावे. आडनाव, गाव आणि कुळ यांचा रकाना त्या कागदावर असू नये. आणि जो तोंडी विचारील, त्याचा कागद कार्यवाहांनी त्याच दिवशी काढून टाकावा. पुढील वार्षिक सभेत हा ठराव आम्ही मांडणार आहोत. विरोध करणाऱ्यांनी तो उभे राहून, आपली कारणे देऊन करावा.