विमा-एजंटाची अवहेलना

आमच्या इंदुरात मुलाने विमा-एजंट होण्याचे मनात आणले की मराठी घरातील वडीलधाऱ्यांचा चेहरा उतरतो. आम्ही स्वतः सरकारी निवृत्तिवेतनावर जगणारे. तरीही ही तुच्छता आम्हांस मान्य नाही. खासगी कंपन्यांत विमेदारांचा पैसा बुडाला, तेव्हा १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले. २४५ संस्था एका महामंडळात आल्या. धंदा हलका असता तर हा खटाटोप कशाला? दोष आहे तो कमिशनच्या रचनेत : पहिल्या वर्षी घसघशीत, पुढे तुटपुंजे. म्हणून स्वस्त टर्म विमा सुचविणाऱ्याच्या हाती फारसे काही पडत नाही आणि महागडी बचत-योजना गळी उतरविणारा मोटार घेतो. पण दाव्याचे कागद घेऊन विधवेच्या दारी स्वतः जाणाराही एजंटच असतो. त्याला नाके मुरडणाऱ्यांनी कपाटातील आपली पॉलिसी काढून पाहावी. ती घरी कोणी आणून दिली होती?