कॅज्युअल्टीत 'पडलो' सांगू नका

आपल्या माणसाला गाडीने उडवलं की वस्तीतली दोन-चार पोरं दवाखान्यात धावतात आणि रात्र संपायच्या आत पहिला प्रश्न येतो, "गाडीवाला किती देतोय?" कोणी म्हणतं दहा हजार, कोणी म्हणतं वीस. एखादा ओळखीचा दादा मध्ये पडतो. सकाळपर्यंत मांडवली झालेली असते. पोलिसांत तक्रार नाही, केसपेपरवर गाडीचं नाव नाही. तीन महिन्यांनी रॉड टाकलेला पाय घेऊन तो माणूस नाक्यावर उभा राहतो तेव्हा मुकादम त्याला कामाला नेत नाही. ते वीस हजार तर एक्स-रे, रिक्षा आणि औषधांत कधीच संपलेले असतात.

आम्ही वॉर्डात पाळ्या केलेल्या आणि आता वस्त्यांतून फिरणाऱ्या बाया आहोत. आम्हाला वाटतं की अशा मांडवलीत गाडीवाल्यापेक्षा आपणच स्वतःला जास्त बुडवतो. कारण रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा कायद्यानेच सक्तीचा आहे. म्हणजे तुमची भरपाई गाडीवाल्याच्या खिशातून यायची नसते, विमा कंपनीकडून यायची असते. गाडीवाला "मी गरीब आहे हो, टेम्पो कर्जावर घेतलाय" म्हणून रडतो, आपल्याला दया येते आणि आपण सही करतो. ती दया विमा कंपनीच्या पथ्यावर पडते.

आता कॅज्युअल्टीची गोष्ट. अपघाताचा दावा कोर्टात नाही, कॅज्युअल्टीच्या टेबलावर सुरू होतो. डॉक्टर किंवा सिस्टर विचारते, "कसं लागलं?" आणि घरचे बोलून जातात, "पडला." पोलिसांची कटकट नको म्हणून, किंवा गाडीवाला शेजारीच उभा असतो म्हणून. केसपेपरवर 'हिस्टरी' नावाची एक ओळ असते, तिथे 'पडल्याने दुखापत' असं लिहिलं जातं. वर्षभराने विमा कंपनीचा वकील तीच ओळ न्यायाधीशांपुढे ठेवतो आणि म्हणतो, अपघात झालाच नाही, हा जिन्यावरून पडला. मग बाकी कितीही कागद आणा, दावा लंगडतो.

म्हणून विचारलं की सरळ सांगायचं: कुठे, किती वाजता, कोणत्या गाडीने, नंबर दिसला असेल तर नंबर. "एमएलसी करा" असं तोंडाने म्हणायचं. एमएलसी म्हणजे पोलिसांना कळवायची केस. रस्ते अपघाताच्या जखमीची एमएलसी करणं हे दवाखान्याचं काम आहे, कुणाचे उपकार नाहीत. आमच्याच बिरादरीबद्दल बोलायचं तर गर्दीच्या पाळीत ही ओळ घाईने लिहिली जाते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून नोंद झाल्यावर ती वाचून दाखवायला सांगा. चुकीची ओळ आधीच लिहिली गेली असेल तर खाडाखोड करून घेऊ नका, तिचाही संशय घेतात. त्याच पेपरवर तारीख-वेळ टाकून नवी नोंद करून देण्याची विनंती डॉक्टरांना करा.

याच्या उलटही घडतं आणि तेही स्पष्ट सांगितलं पाहिजे. गाडी पळून गेली, नंबर नाही, तर कोणीतरी एजंट सुचवतो की ओळखीची विमा असलेली गाडी दाखवू. अजिबात ऐकू नका. खोटी गाडी दाखवली तर दावा जातोच, वर फौजदारी गुन्हा अंगावर येतो. पळून गेलेल्या गाडीसाठी कायद्यात वेगळी सोय आहे. १ एप्रिल २०२२ पासून अशा अपघातात मृत्यू झाला तर २ लाख आणि गंभीर दुखापत झाली तर ५० हजार रुपये मिळतात. त्याचा अर्ज प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात होतो आणि मंजुरी जिल्हाधिकारी देतात. रक्कम मोठी नाही, पण खरी आहे. त्यासाठीही एफआयआर आणि दवाखान्याचे कागद लागतातच.

पोलीस चौकीत काय होतं? "हद्द आमची नाही," किंवा "आधी बरा होऊ दे, मग ये." हद्द नसली तरी गुन्हा नोंदवून घेऊन योग्य ठाण्याकडे पाठवायचा, असा आता नवीन कायद्यातच नियम आहे. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. नोंदवून घेतच नसतील तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांकडे, मुंबई-पुण्यासारख्या शहरात पोलीस उपायुक्तांकडे, रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल दावा न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. तो अहवाल न्यायाधिकरणाने दाव्याचा अर्ज म्हणून धरायचा, अशीही तरतूद आहे. वाचायला छान वाटतं. पण वस्तीतल्या माणसाने त्यावर विसंबून घरी बसू नये, आपला अर्ज आपण वकिलामार्फत टाकावाच. मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे. या मुदतीवर न्यायालयात वाद चालू आहे, पण आपल्या लेकराचं हातपाय गेलेलं प्रकरण त्या वादावर टांगून ठेवू नका.

पहिल्या दिवसांतल्या उपचाराचं थोडक्यात सांगतो. मे २०२५ पासून केंद्राची योजना आहे. अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार नेमलेल्या दवाखान्यांत पैसे न भरता होतो. गाडी कोणाची, जखमी कोण, याच्याशी तिचा संबंध नाही. दवाखान्यात भरती करतानाच तिचं नाव घेऊन विचारा. उचलून आणणाऱ्या माणसाला पोलीस किंवा दवाखाना अडकवून ठेवू शकत नाही, नाव सांगायचीही सक्ती नाही. तेव्हा रस्त्यावर पडलेल्याला उचलायला घाबरू नका. मात्र साक्षीदार म्हणून स्वतःहून उभं राहणारा शेजारी मिळाला तर त्याचं मोल मोठं असतं.

उपचार योजनेतून झाला म्हणजे भरपाई मिळाली, असा गैरसमज फार आहे. उपचाराने हाड जुळतं. बुडालेली मजुरी, कायमचं अपंगत्व, पुढची ऑपरेशनं, घरी सेवा करणाऱ्या माणसाचा बुडालेला रोजगार, हे सगळं दाव्यातच मागावं लागतं. ते कसं मोजतात हे प्रत्येक घराने समजून घ्यावं, कारण मांडवलीच्या वेळी समोर आकडा नसतो म्हणूनच आपण फसतो.

समजा, ३४ वर्षांचा नाका कामगार आहे. महिन्याला १५ हजार कमावतो. मांडीचं हाड मोडलं, आता जड काम होत नाही, आणि कमाई करण्याची ताकद ४० टक्के कमी झाली असं न्यायाधिकरणाने धरलं. वर्षाचे झाले १ लाख ८० हजार. चाळिशीच्या आतल्या स्वतंत्र कामगाराच्या बाबतीत पुढच्या वाढीसाठी ४० टक्के जोडतात, झाले २ लाख ५२ हजार. ३१ ते ३५ या वयाला १६ ने गुणतात, ४० लाख ३२ हजार. त्याचे ४० टक्के, म्हणजे १६ लाख १२ हजार ८००. वेदना, उपचार, बुडालेली मजुरी हे त्याच्या वर. आता हाच माणूस आपली कमाई सिद्ध करू शकला नाही आणि महिन्याला ८ हजारच धरले गेले, तर त्याच हिशेबाने ८ लाख ६० हजारांच्या आसपास येतात. जखम तीच, पाय तोच, पण कागद नसल्यामुळे रक्कम निम्मी होते. आणि आपण वीस हजारांवर सही करत होतो!

कमाईचा कागद कुठून आणायचा, असं लोक विचारतात. पगारपत्रक नाका कामगाराला कोण देतं? सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या रामचंद्रप्पा प्रकरणात मजुराच्या कमाईबाबत म्हटलं आहे की त्याच्याकडे कागद नसणं स्वाभाविक आहे, त्याचं सांगणं वाजवी असेल तर ते मानावं. तरी जे मिळेल ते जमवा. बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी, ई-श्रम कार्ड, बँक किंवा फोन-पेवर आलेली मजुरी, मुकादमाचं लेखी म्हणणं, बचत गटाच्या हप्त्यांची वही. एवढंसं वाटतं, पण हप्ता नियमित भरणारा माणूस कमावत होता हे त्यातून दिसतं.

अपंगत्वाच्या टक्क्यांचाही असाच घोळ होतो. सर्टिफिकेटवर हाताचे किती टक्के गेले हे डॉक्टर लिहितात. पण कमाईचे किती टक्के गेले, हा वेगळा प्रश्न आहे. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालात न्यायालयाने ते फार स्पष्ट केलं. हात गेलेला कारकून नोकरीत राहू शकतो, हात गेलेल्या सुताराचा किंवा ड्रायव्हरचा धंदाच संपतो. म्हणून डॉक्टरांना आणि वकिलाला आपलं काम नेमकं काय होतं ते सांगा. 'मजुरी' एवढंच नको. डोक्यावर घमेलं घेऊन चार माळे चढत होतो, हे सांगा.

बायांबद्दल वेगळं बोललंच पाहिजे. जखमी बाई असेल तर नवरा केसपेपरच्या 'व्यवसाय' रकान्यात सांगतो, "काही नाही, घरीच असते." ही ओळही पुढे विमा कंपनीच्या कामी येते. पाणी भरणं, स्वयंपाक, पोरं, म्हातारी सासू, आणि जोडीला चार घरची धुणीभांडी. हे 'काही नाही' कसं? घर सांभाळणाऱ्या बाईच्या श्रमाला पैशात मोल आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने लता वाधवा प्रकरणात २००१ मध्ये आणि कीर्ती प्रकरणात २०२१ मध्ये म्हटलं. कोर्टाला जे कळलं ते आपल्या घरातल्या पुरुषांना कळायला काय हरकत आहे?

आणखी एक सही आहे, जिच्यापासून सांभाळायचं. चूक कोणाची हे सिद्ध न करता मिळणारी एक ठरावीक रक्कम कायद्यात आहे, मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख. झटपट मिळते, वाईट नाही. किरकोळ अपंगत्व असेल किंवा चूक आपलीच जास्त असेल तर ती घेण्यात शहाणपणही असेल. पण ती स्वीकारली की न्यायाधिकरणातला मोठा दावा संपतो. वरच्या उदाहरणातल्या माणसाने अडीच लाखांवर सही केली तर त्याचं काय होईल ते हिशेब करून पाहा. लोकअदालतीचंही तसंच. तिथे तडजोड व्हायला आमचा विरोध नाही, वर्षानुवर्षं तारखा खाण्यापेक्षा ती बरी. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. आकडा घरून काढून जा.

कचऱ्याच्या गाडीवरचे, टेम्पोवरचे हेल्पर, क्लीनर यांना कामावर असताना अपघात झाला तर दोन दारं उघडी असतात. एक न्यायाधिकरण, दुसरं कामगार नुकसानभरपाईचा कायदा. दोन्हीकडे एकाच वेळी मागता येत नाही, एक निवडावं लागतं. कोणतं, ते सही करण्याआधी वकिलाला विचारा.

वकील कोणता, हा शेवटचा पण सगळ्यात नाजूक प्रश्न. मोठ्या दवाखान्यांच्या गेटवर एजंट फिरतात. "एक पैसा देऊ नका, मिळाले की तीस टक्के द्या" म्हणतात आणि कोऱ्या वकालतनाम्यावर अंगठा घेतात. वकिलाने निकालाच्या रकमेत वाटा ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांना धरून नाही. ज्याची सुरुवातच अशी, तो पुढे तुमच्या आकड्याची काय काळजी घेणार?

जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं. १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जातीच्या माणसाला, कोणत्याही जातीधर्माच्या स्त्रीला, मुलांना आणि अपंगांना तिथे कमाई न पाहता फुकट वकील मिळतो, कोर्ट फीही तिथूनच भरली जाते. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीत धरलं जातं, तेव्हा जातीचा दाखला असलेल्या आपल्या प्रत्येक घराला हा हक्क आहे. ज्यांनी दाखला अजून काढलाच नाही त्यांनी तो अपघाताची वाट न पाहता काढून ठेवावा. प्राधिकरणाचा टोल फ्री नंबर १५१०० आहे. दावा अपघात झाला त्या ठिकाणीच टाकायला हवा असंही नाही, आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणातही टाकता येतो. गावाकडे जाताना हायवेवर अपघात झाला तरी तारखांना तिकडे खेटे घालायची गरज नाही.

तिथे जाताना पिशवीत एवढं असू द्या: एफआयआर आणि स्पॉट पंचनाम्याची प्रत, एमएलसीची नोंद, भरतीपासूनचे सगळे केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रेच्या फिल्म, प्रत्येक औषधाचं आणि रिक्षाचं बिल, आधार, दाखला, बँकेचं पासबुक. एक्स-रेची फिल्म गादीखाली ठेवू नका, उन्हाळ्यात चिकटते. गाडीचा विमा कोणत्या कंपनीचा आहे ते नंबर टाकून एमपरिवहन ॲपवर दिसतं, त्याचा स्क्रीनशॉट पहिल्याच आठवड्यात काढून ठेवा. भरपाईचे पैसे जखमीच्या स्वतःच्या खात्यात जमा व्हावेत, यासाठी पासबुक त्याच्याच नावाचं हवं, भावाचं किंवा मध्ये पडलेल्या दादाचं नको.