धरण सांगून फुटतं

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि खालची भेंदवाडी वाहून गेली. २३ माणसांचा जीव गेला. दोन-तीन दिवसांतच तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी कारण सांगून टाकलं: खेकडे. खेकड्यांनी धरण पोखरलं, म्हणून गळती लागली, म्हणून ते फुटलं. राज्यभर हशा पिकला. विरोधक खेकडे घेऊन पोलीस ठाण्यात गेले, यांना अटक करा म्हणाले. आठवडाभर व्यंगचित्रं निघाली, विनोद फिरले. मग सगळे आपापल्या कामाला लागले.

मला त्या हशाचा राग आहे. त्या एका विधानात सरकारनं स्वतःविरुद्ध कबुलीजबाब दिला होता आणि आपण तो हसण्यावारी नेला.

नीट बघा. खेकडा मातीत बीळ करतो, हे खरंच आहे. घुशी, उंदीर, साळिंदर हेही मातीच्या धरणाचे जुने शत्रू. म्हणूनच भरावावर बिळं पडलीत का, झाडं वाढलीत का, मुळं आत शिरलीत का, हे तपासणीत बघायचं असतं. अगदी बाराखडीतली गोष्ट. त्यासाठी माणसानं धरणावर पायी चालायचं असतं, एवढंच. आता मंत्री म्हणतात, खेकड्यांनी धरण पोखरलं. बरं. पोखरून पूर्ण होईपर्यंत तुमचा माणूस कुठं होता? खेकडा काही रातोरात सुरुंग पेरत नाही. सुटका व्हावी म्हणून जो बचाव मांडला, त्याच बचावानं खात्याचा गुन्हा शाबित होतो!

आणि गळतीबद्दल गावकऱ्यांनी आधीच तक्रारी केल्या होत्या. त्यावर डागडुजी झाली; ती किती पक्की होती, ते त्या रात्री दिसलं. बघणारे होते, सांगणारेही होते. ऐकून घेण्याचा पगार ज्यांना मिळतो, त्यांनी ऐकलं नाही.

धरण अचानक फुटतं, ही सरकारी लोणकढी आहे. मातीचं धरण थोडंफार पाझरतंच. तो दोष नव्हे. त्या पाण्याला पायथ्याशी वाट काढून दिलेली असते. लक्ष ठेवायचं ते दोन गोष्टींवर. पाझर वाढतोय का? आणि तो गढूळ झालाय का? नितळ पाझर म्हणजे नुसतं पाणी बाहेर येतंय. गढूळ पाझर म्हणजे पाणी भरावातली माती घेऊन निघालंय. आत पोकळी होते, पोकळीतून जास्त पाणी येतं, जास्त पाणी जास्त माती नेतं. मग माथा खचतो, भेगा पडतात, आणि एकदा का पाणी माथ्यावरून वाहू लागलं की मातीचं धरण काही तासांचं सोबती.

हे मोजायला लागतं काय? पत्र्याला पाडलेली एक त्रिकोणी खाच. तिला खात्यात व्ही-नॉच म्हणतात. खाचेतून पाणी किती उंचीनं वाहतंय ते शेजारच्या पट्टीवर वाचायचं आणि वहीत तारखेसह लिहायचं. काचेचा ग्लास भरून उजेडात धरायचा. ना उपग्रह लागतो, ना परदेशी सल्लागार. धरणाखालच्या ओढ्यावर रोज धुणं धुणाऱ्या बाईला पाणी गढूळ झाल्याचं कार्यकारी अभियंत्याच्या आधी कळतं, कारण तिचं धुणं मळतं. पण तिच्या सांगण्याला जावक क्रमांक नसतो.

हा आंधळेपणा कोकणातल्या एका वाडीपुरता आहे, असं कुणा पुणेकराला वाटत असेल तर त्यानं आजोबांना विचारावं. १२ जुलै १९६१. आंबी नदीवरचं पानशेत धरण तेव्हा पूर्ण झालेलं नव्हतं. पोलादाची टंचाई होती, म्हणून पाणी सोडण्याचा भुयारी मार्ग सळया न घालता काँक्रीटच्या ठोकळ्यांचा बांधला होता. पाणी सोडण्याच्या दरवाजांचं काम अर्धवट. त्याच धरणात त्याच पावसाळ्यात पाणी अडवलं! पाण्याच्या जोरानं भुयार हादरलं, वरचा भराव खचू लागला. लष्कराचे जवान रात्रभर वाळूची पोती रचत राहिले. सकाळी धरण गेलं, आणि त्या लोंढ्यानं १८७९ मध्ये पुरं झालेलं खडकवासल्याचं दगडी धरणही फोडलं. जवानांनी रात्र मारून नेली म्हणून पूर दिवसाउजेडी आला. नाहीतर नदीकाठच्या पेठा झोपेतच गेल्या असत्या. धरण रात्रभर खचत होतं. रात्रभर! आणि शहराला वेळेवर, स्पष्ट शब्दांत सांगितलं गेलं नाही.

पूर ओसरला तेव्हा पुण्याच्या नळाला पाणी नव्हतं. ज्यानं शहराला पाणी पाजायचं ते खडकवासलाच फुटलं होतं. वाड्यांतल्या विस्मरणात गेलेल्या विहिरी आणि हौद पुन्हा उपसावे लागले. पाणीपुरवठ्याचं धरण फुटलं की शहर आधी बुडतं आणि मग तहानेनं व्याकूळ होतं, हे पुण्याइतकं कुणाला ठाऊक आहे? ज्या शहराच्या डोक्यावर आज खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून २९ टीएमसी पाणी उभं आहे, त्या शहरानं धरणाच्या सुरक्षिततेवर रोज भांडायला हवं. भांडण होतं ते फक्त पाणीकपात एक दिवसाची की दोन दिवसांची, यावर.

त्याच साखळीतलं टेमघर बघा. २००० च्या सुमारास त्यात पाणी साठवायला सुरुवात झाली, आणि २०१६ मध्ये त्याच्या भिंतीतून सेकंदाला अडीच हजार लिटरच्या आसपास पाणी गळत होतं. फोटो सगळ्यांनी पाहिले. भिंतीतून धबधबे सुटलेले. मग अभियंत्यांवर आणि कंत्राटदारांवर गुन्हे दाखल झाले, ग्राउटिंग झालं, गळती बरीचशी थांबली. दुरुस्ती झाली याचं मला समाधान आहे. पण मधली वर्षं? एवढं पाणी एका रात्रीत गळायला लागलं नव्हतं. खडकवासल्याची दगडी भिंत सांभाळणाऱ्या जुन्या माणसांची थोरवी गाणारं खातं स्वतःच्या हातानं बांधलेल्या नव्या धरणापुढं मुकं झालं.

आता तर कायदाही आहे. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी सक्तीची. पंधरा मीटरहून उंच धरणं त्यात येतात, दहा ते पंधरा मीटरची काही अटींवर. धरण फुटलं तर पाणी कुठवर जाईल, कोणती गावं आधी हलवायची, कुणी कुणाला कळवायचं, याचा आपत्कालीन कृती आराखडा प्रत्येक धरणाच्या मालकानं पाच वर्षांत करायचा. कायदा चांगला आहे, मी त्याच्या बाजूनं आहे. पण दहा मीटरखालच्या पाझर तलावांचं काय? ते फुटले तर खालची वस्ती काय कमी मरते? देशात सर्वांत जास्त मोठी धरणं महाराष्ट्रात आहेत, दोन हजारांहून जास्त. लहान तलाव त्याहून कितीतरी अधिक. कायद्याची पट्टी उंचीवर लावलेली आहे. ती खालच्या घरांवर लावायला हवी होती.

आणि ही कागदपत्रं असतात कुठं? कपाटात. एका कार्यालयात मी आमच्या भागातल्या धरणाच्या तपासणीचा अहवाल मागितला. साहेबांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, ‘तुम्ही इंजिनीअर आहात का?’ नाही म्हटल्यावर म्हणाले, ‘मग वाचून काय करणार? उगाच लोकांत घबराट पसरेल.’ वा! धरणाखाली झोपायला पदवी लागत नाही, धरणाबद्दल विचारायला मात्र लागते. घबराट माहितीनं पसरत नाही. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सुटलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीतले लोक पहाटे घरात शिरलेल्या पाण्यानं जागे झाले, ती घबराट कशानं पसरली? न सांगितल्यानं. त्या दिवशी धरण शाबूत होतं, दरवाजे माणसांच्या ताब्यात होते, तरीही सांगणं जमलं नाही. फुटण्याच्या रात्री हेच लोक सांगतील, यावर विश्वास कुणी ठेवायचा?

म्हणून मागणी साधी आहे. तपासणीचा अहवाल मराठीत, सही आणि तारखेसह, धरणाखालच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे. पाझराचं मोजमाप दर आठवड्याला तिथंच लिहिलं गेलं पाहिजे. पाणी कुठवर येईल त्याचा नकाशा शाळेच्या भिंतीवर रंगवला पाहिजे. आणि गावानं गळती कळवली तर किती दिवसांत कोण येऊन बघणार, त्या माणसाचं नाव आणि फोन नंबर जाहीर हवा. यातल्या एकाही गोष्टीला कोट्यवधी लागत नाहीत. लागते ती जबाबदारीखाली सही करण्याची तयारी, आणि नेमकी तीच या खात्यात दुर्मीळ आहे.

कायदा ३० डिसेंबर २०२१ ला लागू झाला. कृती आराखड्याची पाच वर्षांची मुदत २०२६ च्या डिसेंबरअखेर संपते. तुमच्या गावावर, तुमच्या शहरावर ज्या धरणाचं पाणी उभं आहे त्याचा आराखडा मागा. तोंडी मागू नका, अर्ज द्या, त्यावर पोच घ्या. साहेब इंजिनीअर आहात का विचारतील. सांगा, खाली राहतो.